दोन कुलुपांची पेटी

मित्रांनो, मी एका शाळेच्या फाटकाच्या खांबावर टांगलेली जुनी सूचनापेटी आहे. घडले त्याला आता महिना होत आला, पण माझी झडप अजून नीट बसत नाही. वाऱ्याने हलते, असे लोक म्हणतात. वाऱ्याचा काही दोष नाही. मीच अजून हादरलेली आहे. जे माझ्या पोटात होते ते मला बोलता आले नाही, आणि त्यापायी एकशे अठरा मुलांचे काय झाले असते, हे आठवले की माझ्या फळ्या गार पडतात.

पण असे मधूनच सांगू लागले तर तुमची पंचाईत होईल. पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म याच शाळेच्या पटांगणात झाला. सातवीतल्या जुळ्या मुलींचे वडील सुतार होते. त्यांनी एका मोडक्या बाकाच्या फळ्यांना रंधा मारून मला घडवले. माझ्या पाठीवर अजूनही कोणीतरी कर्कटकाने कोरलेला सातचा पाढा आहे. तो 'सात सक'पाशी थांबतो. पुढचे येत नसावे, किंवा मागून सर आले असावेत.

त्या वेळचे हेडमास्तर मोठे डोकेबाज होते. मी तयार होत आले तेव्हा ते सुतारांना म्हणाले, "कडी एक नको, दोन लावा. दोन कुलुपं."

सुतार हसले. "एवढ्याशा पेटीला दोन? आत काय सोनं ठेवणार आहात, सर?"

"एक किल्ली शाळेकडे राहील, एक पालकांकडे. दोघं शेजारी उभे राहिल्याशिवाय ही उघडायचीच नाही."

तसेच ठरले. शाळेची किल्ली हेडमास्तरांच्या खिशात गेली. पालकांची किल्ली मिळाली कात्रीकाकूंना. शाळेसमोरच्या दुकानात कपडे शिवणाऱ्या या बाई. त्यांच्या गळ्यात फितीला कात्री लटकत असायची म्हणून मुलांनी हे नाव पाडले होते. काकूंनी किल्ली त्याच फितीला बांधली.

ती माझ्या भरभराटीची वर्षे होती. तेव्हा मी व्हरांड्यात, ऑफिसच्या दारापाशी असे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन्ही कुलुपे उघडत आणि हेडमास्तर व काकू पायरीवर बसून एकेक चिठ्ठी वाचत. कोणी लिहिलेले असे, 'मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही.' सोमवारी सुतार येऊन कडी बसवून जात. एखाद्या बाईंनी लिहिलेले असे, 'तिसरीची मुले वर्गात पेंगतात, घरी लवकर झोपवावे.' मग काकू कपडे न्यायला येणाऱ्या प्रत्येक आईला माप घेता घेता ऐकवत. एकदा कोणीतरी नुसतेच लिहिले, 'पाचवीतला शेवटच्या बाकावरचा मुलगा डबा आणत नाही.' ती चिठ्ठी दोघांनी वाचली, एकमेकांकडे पाहिले आणि मोठ्याने वाचली नाही. पुढच्या आठवड्यापासून त्या मुलाकडे डबा दिसू लागला. कुठून आला हे मलाही कळले नाही, आणि माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही.

एक साहेब तपासणीला आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर थाप मारली आणि म्हणाले, "बाकीच्या शाळांनी शिकण्यासारखं आहे." मी इतकी फुगले, की चार दिवस माझे झाकण लागेना. दमट हवेमुळे असेल, पण मी श्रेय हवेला दिले नाही.

मग हेडमास्तर निवृत्त झाले. निरोपाच्या गडबडीत त्यांनी किल्ल्यांचा भला मोठा जुडगा नव्या मुख्याध्यापिकांच्या हाती दिला. मुले त्यांना मोठ्या बाई म्हणत. जुडग्यात चाळीसेक किल्ल्या होत्या, कपाटांच्या, खोल्यांच्या, कधीच्या मोडून गेलेल्या टेबलांच्याही. माझी किल्ली त्यातच होती. ती कशाची आहे हे सांगायचे मात्र राहून गेले.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या, मित्रांनो. हे मला आधीच सांगितले पाहिजे, कारण पुढचे ऐकून तुम्ही त्यांच्यावर रागवाल. त्या आल्या त्याच महिन्यात एका पालकाची मोटरसायकल प्रार्थनेच्या रांगेत घुसली. कोणाला लागले नाही, पण बाईंनी धसका घेतला. दुसऱ्या दिवशी पाटी लागली, 'पालकांनी फाटकाच्या आत येऊ नये.' पालकांची अडचण नको म्हणून त्यांनी मलाही व्हरांड्यातून काढून फाटकाच्या खांबावर टांगले.

पहिला शनिवार आला. कात्रीकाकू आल्या, तर फाटकावरचे मामा आडवे उभे.

"आत नाही सोडता येणार, काकू. नवा नियम आहे."

"अहो, पेटी उघडायची असते आज. बाईंना बोलवा तरी."

"बाई वर्गावर आहेत. बोलावतील तुम्हाला."

काकू थोडा वेळ थांबल्या. मग त्यांचा स्वाभिमान जागा झाला. "बोलावतील तेव्हा येईन," म्हणाल्या आणि रस्ता ओलांडून गेल्या. त्यांना कोणी बोलावले नाही. बोलावणाऱ्याला ठाऊकच नव्हते, की बोलवायचे असते. बाईंच्या कानावर कुठूनतरी आले होते, की ही पालकांची पेटी आहे, ते आपापले उघडतात आणि वाचतात. बाकीच्या पालकांना वाटत होते, पेटी शाळेची, शाळा वाचत असेल. माझ्या एका बाजूला शाळा होती आणि दुसऱ्या बाजूला रस्ता. दोन्हीकडच्या लोकांची खात्री होती, की पलीकडचे मला उघडतात.

मी भरत गेले. दोन वर्षे. लोक चिठ्ठी टाकत, उत्तराची वाट बघत, मग माझ्याकडे बघेनासे होत. अगदी सुरुवातीलाच एका दुपारी खुद्द मोठ्या बाई आल्या होत्या. त्या दिवशी पालकसभा होती. हॉलमध्ये साठ खुर्च्या मांडल्या होत्या आणि चार माणसे आली होती. बाईंच्या बोटांना खडू लागलेला होता. त्यांनी इकडेतिकडे बघितले, घडी केलेला एक कागद माझ्या तोंडात सारला आणि झरझर निघून गेल्या. मला वाटले, रद्दी टाकली. मला राग आला. पोटातल्या अंधारात घडी घातलेला कागद मला वाचता येत नाही. तो कोणी उघडला, किंवा माझ्यासमोर मोठ्याने बोलले गेले, तरच मला कळते.

आणि गवंडी आजोबा मोठ्याने बोलत.

आजोबांनी आयुष्यभर घरे बांधली. आता हात थरथरत, म्हणून ते फक्त दुसरीतल्या नातीला सोडायचे आणि न्यायचे काम करत. फाटकाबाहेर उभे राहिले, की त्यांना पटांगणातली पाण्याची टाकी दिसे. चार खांबांवर उभी, खाली सहा नळ. दुसरे लोक टाकी बघत. आजोबा खांब बघत.

एके दिवशी त्यांनी माझ्या अंगावर कागद टेकवला आणि नातीला लिहायला सांगितले. "लिही. पाण्याच्या टाकीचा मागचा खांब तडकला आहे. आतली सळई गंजून फुगली आहे. बघून घ्यावे."

"आजोबा, कृपया लिहू?"

"लिही, लिही. शिकलेल्या माणसांना लागतं ते."

चिठ्ठी आत पडली. महिन्याभराने दुसरी आली. 'तडा बोटभर रुंद झाला आहे, कृपया.' आजोबांनी मामांनाही सांगून पाहिले. मामा म्हणाले, "पेटीत टाका ना, आजोबा. सगळं पेटीतच टाकायचं असतं." मग तिसरी. 'मुलांना तिथे पाणी प्यायला पाठवू नका.'

नातीने विचारले, "आजोबा, ते वाचतात ना?"

"वाचतात गं. एवढी मोठी शाळा. इंजिनियरला निरोप गेला असेल, तो काय लगेच धावत येतो?"

मित्रांनो, त्या वेळी मला माझ्या दोन्ही कुलुपांची किळस आली. माझ्या पोटात तीन वेळा धोक्याची घंटा वाजली होती आणि मी खांबावर शोभेला लटकत होते. आजोबांचा माझ्यावर विश्वास होता. तोच मला सोसवत नव्हता.

आणि मग तो मंगळवार आला. मधली सुट्टी झाली. नात डबा विसरली होती, तो द्यायला आजोबा आले होते. सहाही नळांवर मुलांची झुंबड होती, त्यांत त्यांची नातही बाटली भरत होती. आजोबांनी सवयीने खांबाकडे बघितले आणि डबा त्यांच्या हातून पडला. खांबाच्या बुडातून सिमेंटची भुकटी सांडत होती.

"मामा, फाटक उघडा."

"आजोबा, नियम..."

आजोबांनी मामांना ढकलले. सत्तरीच्या माणसाने धडधाकट मामांना! ते धावत नळांपाशी गेले आणि हाताला लागेल त्या मुलाला ओढू लागले. मुले घाबरून ओरडली. मोठ्या बाई ऑफिसातून पळत आल्या, त्यांनी पटांगणाच्या मधोमध आजोबांना गाठले.

"अहो, काय चाललंय हे? मुलांना हात लावता? आधी बाहेर व्हा."

"होतो, बाई. आधी पोरांना तिथून काढा. तीनदा लिहून दिलं होतं मी."

"कुणाला लिहून दिलं?"

"तुमच्या पेटीत टाकलं."

"माझ्या? ती पेटी तुमची आहे. पालकांची."

"आमची कशी? आम्ही कुठे..."

मोठी माणसे भांडू लागली, की मुले काय करतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. नळ तसेच वाहते सोडून सगळी मुले भांडण बघायला धावली. बाई आणि आजोबांभोवती गोल कडे झाले. कोपरखळ्या मारत, टाचा उंचावत सगळी पुढे सरकली.

तेव्हा तो आवाज झाला.

मी तो वर्णन करून सांगू शकत नाही. माझी झडप आपोआप उघडझाप करू लागली. टाकी आधी एका बाजूला कलली, जणू काही वाकून बघते आहे, आणि मग खांबांसकट खाली आली. पाण्याचा लोट फाटकापर्यंत आला. धुरळा बसला तेव्हा जिथे नळ होते तिथे काँक्रीटचा ढीग होता. ढिगाखालून एक निळी पाण्याची बाटली अर्धी बाहेर आली होती, पापडासारखी चपटी झालेली. ती आजोबांच्या नातीची होती. नात मात्र आजोबांच्या पायाला मिठी मारून उभी होती.

मग बाईंनी मोजायला सुरुवात केली. एकशे अठरा. त्यांनी परत मोजले. एकशे अठरा. तिसऱ्यांदा मोजताना त्यांना आकडे आठवेनात, तेव्हा सातवीच्या मुलींनी मोजून दिले. मग बाई ओल्या जमिनीवरच बसल्या.

आवाज ऐकून रस्त्यापलीकडून कात्रीकाकू धावत आल्या, त्यांच्यामागे आणखी पालक. त्या दिवशी मामांनी कोणाला अडवले नाही.

सगळी मुले सापडल्याची खात्री झाल्यावर बाई उठल्या आणि जुडगा घेऊन माझ्यापाशी आल्या. एकेक किल्ली लावून बघताना जुडगा हातातून निसटे आणि आजोबा तो उचलून देत. सव्विसावी लागली. काकूंचे कुलूप गंजले होते. त्यांनी शिलाई मशीनचे तेल आणून घातले. झाकण उघडले आणि माझ्या पोटातले दोन वर्षांचे कागद भसाभस खाली पडले.

आजोबांच्या तिन्ही चिठ्ठ्या वरच होत्या. बाईंनी त्या वाचल्या आणि आजोबांपुढे हात जोडले.

"मला कशाला, बाई?" आजोबा म्हणाले. "मी तरी पेटीवर विसंबून का राहिलो? पहिल्याच दिवशी फाटक ढकलायला हवं होतं."

अगदी तळाशी, ओल लागून दोन कागद एकमेकांना घट्ट चिकटले होते. काकूंनी कात्रीच्या टोकाने ते अलगद सोडवले. एक कागद बघून त्या म्हणाल्या, "हे माझंच अक्षर. बोलावणं येईल तेव्हा वाचायला म्हणून टाकलं होतं." त्यांनी वाचले, 'पालकसभा गुरुवारी अकराला असते. तेव्हा आम्ही सगळे कामावर असतो. रविवारी ठेवली तर नक्की येऊ.' खाली बावीस सह्या होत्या.

दुसरा कागद मोठ्या बाईंनी काकूंच्या हातातून घेतला. तो त्यांचाच होता. खडूच्या बोटांनी टाकलेला, मी रद्दी समजले होते तो. त्यावर लिहिले होते, 'सभेला कोणीच का येत नाही? माझे काही चुकते आहे का? कोणीतरी मला सांगा.'

मित्रांनो, प्रश्न आणि त्याचे उत्तर माझ्या पोटात एकमेकांना चिकटून दोन वर्षे पडून होते. आणि मी त्या प्रश्नावर रागावले होते.

'आत येऊ नये'ची पाटी आता गेली. मोटरसायकली तेवढ्या बाहेर ठेवाव्या लागतात. पहिली सभा रविवारी झाली आणि साठ खुर्च्या पुरल्या नाहीत. आजोबांनी शाळेचा प्रत्येक खांब हाताने ठोकून पाहिला. बाई त्यांच्यामागे वही घेऊन लिहीत होत्या.

परवा पहिला शनिवार होता. दोन्ही कुलुपे उघडली. आत एकच चिठ्ठी होती, नातीच्या अक्षरात. 'पेटीची डावी बिजागरी सैल झाली आहे. पडेल. कृपया बघावे.' ती माझ्याबद्दल होती. जन्मभर मी दुसऱ्यांचे म्हणणे सांभाळले, माझ्याबद्दल कोणी लिहिल्याचे मला आठवत नाही. संध्याकाळच्या आत सुतार आले आणि नवे स्क्रू बसवून गेले. आपले म्हणणे कोणी वाचले, की कसे वाटते, ते मला त्या दिवशी कळले.

माझे एवढे एकच मागणे आहे. तुमच्या शाळेतही माझ्यासारखी एखादी पेटी भिंतीवर असेल. उद्या तिच्यासमोर उभे राहा, घरच्यांना बरोबर न्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारा, हिची किल्ली कोणाकडे आहे?