कोऱ्या नमुन्यातला सुळका

ताईने बाटली माझ्या हातात ठेवली तेव्हा ती हसत होती. "घे. आता मीही तुमच्या गोठ्यात," ती म्हणाली. "पण त्या देवमाशिणीच्या शेजारी ठेवू नकोस हं माझं दूध. वास लागेल."

"काचेतून वास लागत नाही."

"बुटके, विनोद होता तो."

बुटकी म्हणजे मी. उंचीत मी ताईला मागे टाकून कितीतरी वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

दूध मागण्याचं कारण साधं होतं. बंदराच्या पलीकडे वाळूवर एक देवमाशीण आणि तिचं पिल्लू वाहून आलं होतं. पिल्लू आधीच गेलेलं होतं, आईने त्याच दुपारी जीव सोडला. आमची प्रयोगशाळा समुद्राचं प्रदूषण मोजते, पण नुसतं पाणी तपासून फार काही हाती लागत नाही. पाण्यात ही रसायनं इतकी विरळ असतात की यंत्राला ती दिसतच नाहीत. देवमासा ती आमच्यासाठी गोळा करून ठेवतो. माशांतून ती त्याच्या पोटात जातात, चरबीत मुरतात आणि वर्षानुवर्षं तिथेच बसून राहतात. नराला ती बाहेर टाकायला वाटच नसते. मादीला एकच असते, दुधाची.

आमच्याकडे आईचं दूध आलं होतं, टूथपेस्टसारखं घट्ट, आणि पिल्लाच्या चरबीचा तुकडा. त्यात आम्हाला एक रसायन शोधायचं होतं. गाद्या, पडदे, फोमच्या खुर्च्या लवकर पेटू नयेत म्हणून त्यांना लावतात ते.

असं दूध तपासताना सोबत दुसरं दूध लागतं, ज्यात ते रसायन नाही असं. त्याच काचेतून, रसायन विरघळवून घेणाऱ्या त्याच सॉल्व्हंटमधून, त्याच यंत्रातून तेही न्यायचं. त्याचा आलेख सपाट आला तरच देवमाशिणीच्या आलेखावरचा सुळका खरा धरायचा, नाहीतर घाण आपल्याच भांड्यातली. या सोबतीच्या नमुन्याला आम्ही कोरा म्हणतो. दुकानातलं दूध प्लास्टिकमधून येतं आणि प्लास्टिक आलेखात स्वतःची भर घालतं. प्लास्टिक न शिवलेलं दूध कुठून आणावं याचा विचार करताना मला ताई आठवली. तिचं बाळ, ज्याला आम्ही सगळे गठुडं म्हणत होतो, नुकतंच मान धरायला लागलं होतं, आणि ताईला दूध मुबलक होतं.

ही कल्पना मला फारच हुशारीची वाटली. प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या मॅडम, त्यांनाही पटली. "बहिणीला नीट विचारून घे," एवढंच त्या म्हणाल्या. "आणि बाटलीवर तिचं नाव नको. कोरा लिही."

माणूस कोरा असतो असं आम्ही दोघी, चांगल्या शिकल्यासवरलेल्या बायका, बिनदिक्कत धरून चाललो.

आधी मी देवमाशिणीचं दूध यंत्राला लावलं. सुळका पडद्याबाहेर गेला. पिल्लाच्या चरबीत त्याहून जास्त होतं. मॅडमनी तिचा बीजांडकोश कापून पाहिला होता. देवमाशिणीच्या बीजांडकोशावरचे वण आयुष्यभर बुजत नाहीत, त्यावरून तिला आधी पिल्लं झाली असतील का याचा अंदाज येतो. हिच्या बीजांडकोशावर वण एकच होता.

"पहिलटकरीण," मॅडम म्हणाल्या. "जन्मभर साठवलेलं सगळं पहिल्याच्या घशात. दुसरं झालं असतं तर त्याला बरंच कमी मिळालं असतं."

खरं सांगते, तेव्हा मला आनंदच झाला होता. इतकं सरळ, इतकं स्पष्ट उत्तर फार क्वचित मिळतं.

मग कोरा लावला. पडद्यावर रेघ सपाट चालली होती आणि मी टाचा वर करून आळस देत होते. जिथे चढायला नको नेमकी तिथे ती चढली, आणि खाली आली. सुळका लहान होता. पण जागा तीच होती, म्हणजे रसायनही तेच.

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "काच घाण आहे."

"मी धुतलीय."

"परत धू. तुमच्या पिढीचं धुणं म्हणजे भांड्याला नळ दाखवणं."

मी प्रत्येक बाटली, प्रत्येक नळकांडं पुन्हा घासलं, भट्टीत तापवलं. सॉल्व्हंटचा नवा कॅन फोडला. यंत्राची सुई बदलली. नुसतं सॉल्व्हंट लावलं, रेघ सपाट. शुद्ध पाणी घेऊन ते दुधाच्या सगळ्या पायऱ्यांतून नेलं, तीच काच, तेच हात. रेघ सपाट. काच घाण निघावी म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच मी मनातल्या मनात धावा करत होते, आणि काच लख्ख होती.

उरलं दूध. ते मॅडमनी स्वतः लावलं. आम्ही दोघी उभ्याच राहिलो. रेघ त्याच जागी आली, चढली, उतरली.

तो सुळका ताईचा होता, आणि ज्या अर्थी ताईचा होता त्या अर्थी, आत्ता या क्षणी, घोटाघोटाने गठुड्याचाही होत होता.

"मॅडम, ती पहिलटकरीण आहे," मी म्हणाले.

"तुझी बहीण देवमासा नाही." मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "तिचं खाणं वेगळं, आयुष्य वेगळं. आकडा बघ. देवमाशिणीच्या मानाने हे शिंतोडेच."

"पण आहे."

"हो. आहे."

त्यांनी दोन्ही आलेख पडद्यावर शेजारी शेजारी आणले. मग म्हणाल्या, "मला वाटायचं हे सगळं इथून तिकडे जातं. घरातून नाल्यात, नाल्यातून समुद्रात. वाटेत कोण बसलंय याचा विचारच केला नाही कधी." हे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. नंतर माझ्याकडे वळल्या. "तिला सांगावं लागेल."

"काय सांगू?"

"दिसलं ते. दिसलं नाही ते सांगू नकोस."

त्यांनी ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंना फोन लावून माझ्या हातात दिला. मी आकडे सांगितले. डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा म्हणवून घेतले. "दूध बंद करायला सांगू नका," त्या शांतपणे म्हणाल्या. "एवढ्याशा मात्रेने बाळाला काय होईल ते आज कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. अंगावरचं दूध तोडलं तर काय गमावतं ते मात्र सांगता येतं. पाजत राहा, आणि हे घरात कुठून येतंय ते शोधा."

"म्हणजे धोका नाही?"

"मी तसं म्हणाले नाही," त्या म्हणाल्या.

ताईच्या घरी जायला मी बस पकडली. सीटचं कापड एका कोपऱ्यात फाटलं होतं आणि त्यातून पिवळा फोम डोकावत होता. कुणीतरी बोटाने उकरून त्याचा भुगा केला होता. मी उठून उभी राहिले. मग खिडक्यांना लावलेले पडदे दिसले. समोरच्या बाईच्या मांडीवरचं मूल पडद्याचं टोक चोखत होतं. मी त्या बाईला काय सांगणार होते? मी दांड्याला धरून डोळे मिटून घेतले, तरी ते चोखणं दिसतच राहिलं.

दार भाऊजींनी उघडलं. "या, शास्त्रज्ञ. गाय आत आहे," ते म्हणाले. मी हसले नाही तसे ते बाजूला झाले. "काय हो, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. तुम्हीही आत या, भाऊजी."

ताई खिडकीजवळच्या जाड गुबगुबीत खुर्चीत बसून पाजत होती. ही खुर्ची भाऊजींनी मुद्दाम पाजण्यासाठी आणलेली. शेजारी पाळणा. त्यातल्या गादीला अजून कोपऱ्यात शिवलेली पट्टी होती, लाल अक्षरांत लिहिलेली: आगीपासून सुरक्षित. बाळ येणार म्हणून भाऊजींनी घरातली प्रत्येक वस्तू अशी पारखून घेतली होती. खुर्चीच्या पाठीलाही तशीच पट्टी होती. पडदेही त्याच दुकानातले. गुन्हेगार खुर्ची, की गादी, की पडदे, की यांपैकी कुणीच नाही, हे मला माहीत नव्हतं. पण खुर्चीच्या पाठीला गाल घासत टेकलेलं ताईचं डोकं मला बघवेना.

"तोंड का असं झालंय?" ताई म्हणाली. "नापास झाले वाटतं मी."

मी खांद्यावरची पिशवी जमिनीवर ठेवली.

"बुटके. काय निघालं?"

मी सांगितलं. मॅडमनी सांगितलं होतं तसं, दिसलं तेवढंच. गठुडं डोळे मिटून पीत होतं, त्याची मूठ तिच्या ओढणीत घट्ट.

"त्या देवमाशिणीचं पिल्लू कशाने मेलं?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे याने मेलं असेल."

"नसेलही. ताई, तिच्यात कितीतरी पट जास्त होतं."

"पण तेच होतं."

"तेच होतं."

ताईने करंगळी गठुड्याच्या ओठाच्या कोपऱ्यात घातली आणि त्याला सोडवलं. क्षणभर ते तसंच तोंड उघडं ठेवून राहिलं. मग रडायला लागलं, लालबुंद होऊन, पाय झाडत. भाऊजी पुढे झाले, पण ताईने त्यांना हातानेच थांबवलं.

"मी डबा घेऊन येतो," भाऊजी म्हणाले. "पावडरचा. आत्ता आणतो."

"डॉक्टर म्हणाल्या पाजत राहा," मी म्हणाले. "खुर्ची, गादी, पडदे बाहेर काढा. मी उद्या येऊन प्रत्येकाचा तुकडा नेते, धूळ नेते. शोधून काढते. पण दूध तोडू नका."

"डॉक्टर म्हणाल्या." ताईचा आवाज बाळाच्या रडण्यातून मला कसाबसा ऐकू येईल इतकाच होता. "त्यांनी तो सुळका बघितला?"

"नाही. मी बघितला."

"मग तू सांग. पाजू की नको?"

मला शिकवलं होतं की माहीत नसेल तेव्हा माहीत नाही म्हणायचं. ते उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. पण गठुडं हंबरडा फोडत होतं आणि ताईची मांडी त्याच्याबरोबर हलत होती, आणि तिला हवं होतं ते हो किंवा नाही.

"पाज," मी म्हणाले.

"तुझं असतं तर पाजलं असतंस?"

"हो."

"भीती वाटली नसती?"

"वाटली असती. आत्ताही वाटतेय."

ती उठली. गुबगुबीत खुर्ची सोडून मोकळ्या फरशीवर, भिंतीला पाठ टेकून बसली. भाऊजींनी पाळण्यातली गादी उचलली आणि दाराबाहेर नेली. ताईने गठुड्याला पुन्हा जवळ घेतलं. ते हुंदके देत, इकडेतिकडे तोंड आपटत प्यायला लागलं, आणि एकाएकी खोली शांत झाली. फक्त घोट ऐकू येत होते, एकामागून एक, घाईचे.

ताई त्याच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. प्रत्येक घोटाला ती माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होती. मी नजर हलवली असती तर तिने त्याला परत सोडवलं असतं, म्हणून मी हलवली नाही.