शांपू पातळ करण्याची माझी विद्या

माझ्या अंगी एकच विद्या आहे, आणि तीही डोक्याला लावायची. शांपू पातळ कसा करावा हे अमरावतीत, निदान अंबागेटच्या आतल्या आमच्या गल्लीत, माझ्याइतकं कुणाला कळत नाही. गेल्या वैशाखापर्यंत मी तसं समजत होते, आणि गल्लीतल्या बायकांनाही तसंच समजायला लावत होते.

आमचे हे कापसाच्या जिनिंगच्या कामाने मुंबईला गेले होते, तिथून त्यांनी ती बाटली आणली. बाटलीवर केस मोकळे सोडलेली एक मड्डम होती आणि खाली इंग्रजीत बरंच काही लिहिलेलं होतं. ते मी वाचून घेतलं नाही. डोकं मला जन्मापासून आहे, ते धुवायला वाचावं कशाला, असं माझं म्हणणं. मी बाटली सरळ डोक्यावर उपडी केली. संध्याकाळी केस असे ताठ झाले की पदर डोक्यावर ठरेना. ह्यांनी जेवता जेवता वर पाहिलं आणि विचारलं, "काहून, आज वावटळ आली होती काय गल्लीत?"

शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी मग सांगितलं, की हे असं निब्बर, बिनपाण्याचं, लावायचं नसतं. तांब्याभर पाण्यात चमचाभर सोडायचं, हलवायचं, आणि ते पातळ पाणी डोक्याला चोळायचं. तसं केलं, आणि केस खरोखर रेशमासारखे झाले. झालं. त्या दिवसापासून ही युक्ती डॉक्टरीणबाईंची आहे हे मी विसरले. पाणी आधी की शांपू आधी, हलवायचं उजवीकडून की डावीकडून, फेस किती बसू द्यायचा, सगळं मी नळावर घागर लावून उभ्या राहिलेल्या बायकांना समजावू लागले. उजवी-डावी ही माझी स्वतःची भर. लढाई सुरू झाली आणि विलायती बाटल्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा माझ्या उरलेल्या अर्ध्या बाटलीचा मान आणखी वाढला.

ती अर्धी बाटली मी राखून ठेवली होती ती आशासाठी. आशा म्हणजे माझ्या भावाची, जानरावची, एकुलती एक पोरगी. मला मूल नाही. हे एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचा माझा आटापिटा कशासाठी होता ते कळेल. आमच्या घराची रीत अशी की लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीचं डोकं आत्या धुते आणि लग्नाच्या सकाळी वेणीही आत्याच घालते. आई फक्त जवळ बसते. कुणाच्या लेकराच्या डोक्यावरून असा हक्काने हात फिरवायची संधी मला आयुष्यात ही एकच मिळणार होती, आणि ती मला अशी साजरी करायची होती की आशाला ती जन्मभर आठवावी. आता आठवते तिला. त्यात कसर राहिली नाही.

बाटली लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, मी अकोल्याला गाडीतून उतरले आणि जुन्या शहरातून बाळापूरची मोटार धरली. जानरावचं गाव बाळापूरच्या अलीकडे. काळीभोर जमीन, कापूस आणि तूर उत्तम, पाणी मात्र खारं. गावातल्या एकूण एक विहिरीचं. प्यायला ते नवख्याच्या घशाखाली उतरत नाही आणि त्यात डाळ शिजत नाही. लग्नकार्य असलं की वरणापुरतं गोड पाणी परगावच्या विहिरीवरून बैलगाडीने आणतात. हे मी तुम्हांला असं सांगते आहे, जणू कुणाकडून ऐकलं असावं. मी त्याच गावात जन्मले, त्याच विहिरीचं पाणी पिऊन वाढले आणि त्याच घरातून सासरी गेले. पण अमरावतीला नळाचं पाणी पिऊन माझ्या जिभेला माहेरची चव राहिली नव्हती, आणि डोक्याला तर त्याहून नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी अंगणात पाट मांडला होता. माणिकवहिनींनी, म्हणजे आशाच्या आईने, ताकात काळी माती भिजवून ठेवली होती. ह्या गावच्या बायका डोकं त्यानेच धुतात. वहिनींशी माझं कधी भांडण झालं नाही, कारण त्या भांडतच नाहीत. मी काहीही बोलले की ऐकून घेतात आणि मग आपल्याला हवं तेच करतात. अशा माणसाचा मला फार राग येतो.

"वैनी, पोरीचं लगन हाय," मी म्हणाले. "वावरातली माती काय तिच्या डोक्याले फासता?"

"आमच्या सगळ्याइच्या डोक्याले थेच लागली बाई," त्या म्हणाल्या. "तुमच्याबी."

मी बाटली बाहेर काढली. शेजारच्या बायका गोळा झाल्याच होत्या, त्यांच्यापुढे मी विद्या सुरू केली. हे निब्बर लावलं तर केसांचा कडबा होतो, पातळ केलं तर रेशीम, आणि पातळ करण्यातच सगळी मेख. असं म्हणत मी अंगणातल्या विहिरीचं पाणी बादलीत घेतलं आणि त्यात शांपू सोडला.

वहिनी वाकून बघत होत्या. "बाई, ह्या पान्यात साबन फुटते," त्या हळूच म्हणाल्या.

"हा साबन नाई, वैनी. शांपू हाय."

मी बादली उजवीकडून हलवली. फेस येईना. पाणी आधी पांढरट झालं, मग त्यात दूध नासावं तशा गुठळ्या तरंगू लागल्या. एका म्हातारीने विचारलं, "हे असंच होत असते काय व?" त्या वेळी मला गप्प बसता आलं असतं, बादली लवंडून देता आली असती, पोट दुखतंय म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "आता तो मऊ होऊन राहिला." आणि मऊ झालेला तो शांपू आशाच्या डोक्यावर ओतला.

आशाचे केस कमरेखाली येतात. ते सगळे मी त्या पाण्याने भिजवले आणि चोळले. हाताला काहीतरी चिकट लागत होतं. मला वाटलं, पातळ कमी झालं, म्हणून आणखी पाणी घातलं. मग वाटलं, पातळ जास्त झालं, म्हणून आणखी शांपू घातला. शेवटी उरलीसुरली बाटली निथळवायला घेतली, तेव्हा खालून आशाचा आवाज आला.

"आत्याबाई, बोट नाई शिरून राहिलं केसात."

मी फणी घेतली. फणी दोन बोटं गेली आणि अडकली. सगळ्या केसांवर मेणचट राखाडी थर बसला होता, बटा एकमेकींना चिकटून दोरासारख्या झाल्या होत्या. विहिरीचं पाणी जितकं ओतावं तितका थर घट्ट होई. संध्याकाळी हळद होती, उद्या मोर्शीचं वऱ्हाड येणार होतं, आणि नवरीच्या डोक्यावर मी घाणीत बुडवलेलं सुंभ करून ठेवलं होतं. आशा रडली नाही. तिने फक्त आपले केस पुढे घेऊन पाहिले आणि परत मागे टाकले. ती रडली असती तर बरं झालं असतं, कारण मग मी एकटीच रडत होते असं दिसलं नसतं.

बायका पांगल्या. काहींना ही बातमी गावात पोचवायची घाई असणार. वहिनी आत गेल्या आणि ताकाने भरलेला मोठा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन आल्या. मातीला हात न लावता त्यांनी नुसतं ताक आशाच्या केसांना मुरवलं, बट न् बट सोडवत. मग त्या ओसरीवर गेल्या. तिथे सकाळीच गाडीने आलेली गोड पाण्याची दोन टिपाडं होती, एक मोर्शीच्या पाहुण्यांना प्यायला आणि एक उद्याच्या वरणाला. वहिनींनी वरणाच्या टिपाडावरचं झाकण काढलं.

जानराव मांडव बांधणाऱ्यांच्यात उभा होता, तो धावत आला. "अवो, थे वरनाचं पानी हाय."

"मालूम हाय मले," वहिनी म्हणाल्या आणि घागर बुडवली.

"विहिरीचा तळ लागला तिकडं. उद्या दुपारपरेंत दुसरी गाडी नाई भरत. डाळ कशात शिजवान मंग?"

"डाळ एक दिवसाची हाय," वहिनी म्हणाल्या, "पोरगी नाई."

त्यांनी घागर माझ्यासमोर आणून ठेवली. मला वाटलं, आता त्या मला बाजूला सरकायला सांगतील. मी सरकलेही. पण त्या म्हणाल्या, "शांपू उरला काय थोडासा? घाला ह्याच्यात. पातळ करा, कसा करता तं."

मी उजवीकडून हलवलं की डावीकडून, मला आठवत नाही. एवढं खरं, की पाण्याने लगेच फेस धरला. आम्ही दोघींनी मिळून ते डोकं धुतलं, मी चोळत होते, वहिनी ओतत होत्या. टिपाड अर्धं झालं, मग पाव झालं, मग तळाचा गाळ दिसू लागला. केसांवरचा थर सुटला. दुपारी उन्हात वाळल्यावर आशाचे केस खरोखर रेशमासारखे झाले, पण ते म्हणायची माझी छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणीची वेळ झाली तेव्हा मी मागच्या दाराच्या चुलीपाशी जाऊन बसले होते. तिथे खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ उकळत होती. पहाटेपासून उकळत होती आणि दाणा जसाच्या तसा होता. मी ती घोटत होते. कोणी सांगितलं नव्हतं, पण वेणी घालायला मला कुणी बोलावणार नाही हे मला दिसत होतं, आणि बोलावलं नाही म्हणून तिथे उभं राहणं माझ्याने झालं नसतं.

वहिनी दारात आल्या. हातात फणी होती. "बाई, आशा बसून राहिली पाटावर. इथं काय करता?"

"तुमीच घाला, वैनी. माह्या हाताले यश नाई."

"घरात आत्या असून मायनं वेनी घालाची काय?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली रवी काढून घेतली आणि फणी दिली.

मी वेणी घातली. आशा मान खाली घालून बसली होती. अर्धी वेणी झाल्यावर ती म्हणाली, "आत्याबाई, आज बाटली नाई ना आनली?" मी हसले, आणि नेमकी त्याच वेळी रडले, त्यामुळे मधला पेड सैल पडला. तो तसाच राहिला.

लग्न लागलं. पंगत बसली. मुलाचे मोठे काका नत्थुजी पहिल्याच पानावर बसले होते. त्यांनी भातावर वरण घेतलं, कालवलं, एक घास तोंडात टाकला आणि चावायचे थांबले. मग पानातला एक दाणा चिमटीत उचलून शेजाऱ्याला दाखवत म्हणाले, "हे वरन हाय का छर्रे होत? मोर्शीले आमी पाखरं मारतो ह्याच्यानं."

पंगत हसली. जानरावचं तोंड एवढंसं झालं. मी वाढणाऱ्यांत होते, हातात मिठाचं ताट. मी मनाशी ठरवून टाकलं, की आता पुढे व्हायचं आणि सांगायचं, बाप्पा हो, हे माझं काम आहे. खरं सांगते, त्यातही मला थोडी हौस होतीच. कबुली देणारी आत्या सगळ्यांना दिसली असती.

मी तोंड उघडलं, आणि मागून वहिनींचा आवाज आला. "माह्याच्यानं चुकलं, बुवा. मीच चढवलं वरन. आधन नीट नाई आलं." त्यांनी पदर डोक्यावर ओढला होता आणि खाली पाहत होत्या. नत्थुजी म्हणाले, "इहीनबाई, मंग आमच्या सुनेले सैपाक तुमी शिकवला का दुसऱ्या कोनी?" पंगत पुन्हा हसली. वहिनी तूप वाढायला पुढे गेल्या, आणि नत्थुजींच्या पानात त्यांनी जरा जास्तच वाढलं.

वरात गेल्यावर आम्ही दोघी मागच्या ओट्यावर जेवायला बसलो. पानात तेच वरण होतं. मी ते बाजूला सारून नुसता भात खात होते.

"वैनी, काहून घेतलं अंगावर?" मी म्हणाले. "पोरीच्या सासरी तुमचं नाव खराब झालं. माहं झालं असतं तं काय बिघडत होतं? मी आत्या."

वहिनींनी पुढचा घास कालवला. "नवरीच्या मायले नावं ठेवतच असते लोकं," त्या म्हणाल्या. "वरन चांगलं झालं असतं तं भाताले ठेवले असते. पन मोर्शी कुठं हाय, बाई? तुमच्यापासून जवळ. मी इथून कवा पोचनार, आन कोन पाठवनार मले? तिले बरं नसलं, तिच्या जिवाले काई झालं, तं पयले तुमालेच जा लागते. तुमी त्या दारात गेल्या तं त्याइनं या म्हनलं पायजे. छर्रेवाली आत्या आली, म्हनून हसाले नाई पायजे."

आशाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवता यावा म्हणून मी अर्धी बाटली राखून ठेवली होती, आणि ह्या बाईने टिपाडभर पाणी, स्वतःचं नाव आणि पोरगी, तिन्ही माझ्या पदरात टाकून वरून विचारलं, "भात घेता काय अजून?"

"द्या," मी म्हणाले, "आन वरनबी वाढा." पान निपटेपर्यंत मी ते एकेक दाणा चावून खाल्लं.