गहिनीनाथशेठचा नामोल्लेख

ध्वनिक्षेपक हे यंत्र मनुष्याचा आवाज मोठा करते. परंतु ते मनुष्यालाही मोठे करते, असा माझा नम्र अनुभव आहे. इयत्ता सातवीनंतर शाळेशी माझा संबंध संपुष्टात आला आणि मी जैनुद्दीनचाचांच्या मंडप व लाऊडस्पीकरच्या व्यवसायात मेखा ठोकण्याकरिता दाखल झालो. पुढे एका विवाहप्रसंगी नेमलेला निवेदक आला नाही, म्हणून माईक माझ्या हाती देण्यात आला. तेव्हापासून घोडेगाव पंचक्रोशीत मला कोणी नुसते कचरू म्हणत नाही, कचरूसर म्हणतात.

एकोणीसशे चौऱ्याण्णव सालच्या वैशाखात चाचांनी मजवर वज्राघात केला.

"भोंगे, मशीन, समदं नेवाशाच्या पार्टीला देऊन टाकतो," ते बिडी विझवीत म्हणाले. "लोकं लग्नं उरकतेत, नातवंडं खेळवतेत, पन भाडं देत न्हाईत. लई मोठी बाकी त्या गहिनीनाथशेठची. पोरीच्या लग्नाचे बाराशे, दोन वर्सं झाली. सरपंचाच्या घरचं लग्न हंगामातलं शेवटचं. तवर शेठचे पैसे आले तर धंदा ठेवतो. न्हाई तर तू ठोक मेखा दुसरीकडं."

गहिनीनाथशेठ हे आमच्या जनावरांच्या बाजारातील दलाल. बैलाचा सौदा ते उपरण्याखाली हातात हात घालून, बोटे दाबून करीत. शेजारी उभ्या माणसालाही किंमत कळत नसे. अशा गुप्ततेच्या उपासकाला चव्हाट्यावर आणणे, हाच एक उपाय मला दिसला. चाचांनाही तो पटला.

शुक्रवारी बाजार ऐन भरात असताना आम्ही टेम्पोवर भोंगे बांधले आणि मी रात्रभर जागून रचलेले वाक्य गंभीर स्वरात उच्चारले: "पंचक्रोशीचे भूषण, पशुव्यापारातील अग्रगण्य व्यक्तिमत्त्व, श्रीमान गहिनीनाथशेठ यांजकडे आमच्या मंडपाचे बाराशे रुपये गेली दोन वर्षे सुखरूप आहेत, याची समस्त जनतेने नोंद घ्यावी."

याहून कठोर भाषा मला अवगत नव्हती. आता शेठ लज्जेने काळवंडतील, या अपेक्षेने मी पाहिले, तो ते हसत हसत टेम्पोकडे येत होते. मागून हॉटेलवाला आम्हा दोघांसाठी चहा घेऊन येत होता.

"लई ग्वाड बोलतो बाबा तू," शेठ म्हणाले. "येवल्याचे व्यापारी इचारत हुते, ह्ये अग्रगण्य कोन? म्हनलं, मीच. फुडच्या शुक्रवारी पुन्यांदा घे नाव."

"आणि बाराशे?" चाचांनी विचारले.

"तेबी घे की संगं. आकडा मोठा हाय, शोभून दिसतो."

इतक्यात चाळीस रुपये थकविलेला एक गृहस्थ पुढे झाला. आपण एवढे जुने गिऱ्हाईक असून आपल्याला भूषण का म्हटले नाही, असे तो विचारू लागला. चाचांनी भोंगे सोडले. वाटेत ते एवढेच म्हणाले, "तुला शिवी येत न्हाई, ह्ये मला ठाऊक पायजे हुतं."

घरी मी उदास बसलो असता माझी पत्नी यशोधरा भाकरी थापीत होती. सारा वृत्तांत ऐकून तिने तवा खाली उतरविला.

"माझ्या मावसभावाच्या लग्नाला मी का गेले न्हाई?" तिने विचारले.

"पत्रिकेत तुझे नाव छापले नव्हते."

"मग. नाव घेतलं म्हनून कोन रुसतं का? न घेतलं म्हनून रुसतेत. आन तुमी त्याला भूषण करून आला."

माझ्या अंतःकरणात प्रकाश पडला.

सरपंच गोरक्षभाऊ यांच्या कन्येच्या विवाहास सारा गाव लोटला. नवरदेव अद्याप वेशीवर बँडपुढे नाचत होता, त्यामुळे स्वागतास मुबलक अवकाश मिळाला. मी सर्वांची नावे घेतली. सोसायटीचे चेअरमन, कंपाउंडर, पाण्याचा टँकर आणणारे चालक, बैलांच्या खुरांना पत्र्या मारणारे कारागीर, सर्वांचे यथोचित विशेषणांसह स्वागत केले. गहिनीनाथशेठ नवा कोट घालून तिसऱ्या रांगेत बसले होते.

प्रथम ते खाकरले. मग पहिल्या रांगेत येऊन बसले. मग त्यांनी आपले नाव लिहिलेली चिठ्ठी पाठविली. ती मी आदरपूर्वक खिशात ठेवली आणि आचाऱ्याच्या मदतनिसाचे स्वागत केले. मंडपात कुजबुज सुरू झाली. "शेठ आल्यात, पन नाव न्हाई," एक बाई दुसरीला म्हणाली. "काहीतरी बिनसलंय."

अखेर शेठ व्यासपीठावर चढले. त्यांनी माझा मोकळा हात आपल्या उपरण्याखाली ओढला आणि पाचही बोटे एकदा दाबली. म्हणजे पाचशे. मी हात सैल ठेवला व माईकवर उसाच्या गाडीवानांचे स्वागत केले.

"कचरूसर," ते कानाशी पुटपुटले, "येवल्याचे व्यापारी बसल्यात समोर."

"त्यांचे स्वागत झाले, शेठ."

पुन्हा पाच बोटे दाबली गेली. एक हजार. माझा हात सैलच. समोर माणसे खुर्चीवरून उठून पाहू लागली होती. शेठनी कपाळ पुसले आणि आणखी दोन बोटे दाबली. तेव्हा मी हात मिटला. कोटाच्या आतल्या खिशातील नोटा उपरण्याखालूनच शेजारी मशीनपाशी बसलेल्या चाचांकडे गेल्या.

मी दीर्घ श्वास घेऊन पंचक्रोशीच्या भूषणाचे असे स्वागत केले, की टाळ्या वेशीपर्यंत ऐकू गेल्या. शेठ हळूच म्हणाले, "दोनदा घे." मी दोनदा घेतले.

तेवढ्यात नवरदेव आला, अंतरपाट धरला गेला आणि मंगलाष्टके सुरू झाली. तेव्हा मला आठवले, की यजमानांचे नाव शेवटी घ्यायचे असते आणि या गडबडीत खुद्द सरपंचांचेच नाव घ्यायचे राहून गेले आहे. अंतरपाटापलीकडून गोरक्षभाऊ एकटक माझ्याकडे पाहत होते. त्यांनी पुतण्याच्या कानात काही सांगितले. पुतण्या अक्षता सांडीत माझ्याकडे धावला.

"काकांनी इचारलंय, मंडपाचं भाडं किती झालं. आत्ताच देतो म्हनले. फकस्त नाव घ्या."

लग्न लागण्यापूर्वी भाडे मिळाल्याचा प्रसंग आमच्या व्यवसायात त्यापूर्वी घडला नव्हता. चाचांनी पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि भोंग्यावरची धूळ रुमालाने पुसली.

"नेवाशाच्या पार्टीला नको म्हनून कळवतो," ते म्हणाले. "तू बोल, कचरूसर. सरपंच वाट बघतेत."