हरिबाचा पिंड

कृष्णेच्या घाटावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बायका वरच्या पायऱ्यांवर, पुरुष थेट पाण्याच्या कडेपर्यंत, आणि सगळ्यांच्या माना वर, पिंपळाकडे. दर्भावर मांडलेले भाताचे पिंड केव्हाच निवून गेले होते. पिंपळात कावळ्यांचा कल्लोळ चालला होता. पण एकही खाली उतरत नव्हता.

“आरं, शिवंना की रं कावळा!” कुणीतरी कुजबुजले.

“शिवंल कसा? हरिबाची विच्छा ऱ्हायलीया.”

हरिबा इटलीतल्या लढाईत पडला, त्याला दोन वर्षे होत आली होती. तार आली, देह आला नाही. त्याच्याच पलटणीतला, त्याच आळीतला सयाजी मात्र सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात जिवंत परतला. निदान गाव तरी त्याला जिवंत समजत होते. तो सकाळी सोप्यात भिंतीला टेकून बसे आणि अंधार पडेपर्यंत तिथेच असे. ताटातली भाकरी वाळून जाई. हाक मारली तर मान वर करी, पण ती हाक दुसऱ्याच कुणाला असावी, असे पाही. त्याची बायको विजयमाला त्याला लहान मुलासारखी अंघोळ घाली.

वाईहून मी या गावच्या शाळेत मास्तर म्हणून आलो, तेव्हा सयाजीचे वडील कोंडीबा यांनी मला सोप्याशेजारची खोली दिली होती. मला फारसे बोलता येत नाही. संध्याकाळी मी सयाजीजवळ नुसता बसत असे. ज्या दुःखाला नाव नसते, ते मनुष्याला किती हळूहळू पोखरते, हे मी तिथे रोज पाहत होतो.

गावाने मात्र त्याला नाव देऊन टाकले होते. मठाचे नाथाजीबुवा सांगत, हरिबाचा आत्मा सयाजीच्या छातीवर बसला आहे. दहाव्याचा विधी नव्याने करा, कावळा शिवला की तो उठेल. मागच्या अमावास्येला कावळा शिवला नव्हता. आज पुन्हा पिंड मांडले होते.

कावळा शिवला नाही, की मृताच्या मनात काय राहिले असेल याचा अंदाज घेत एकेकाने मोठ्याने वचन द्यायचे, अशी रीत आहे. कशालाच तो येत नसेल, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि घरी जातात. बुवांनी तेवढीही वाट बंद केली होती. “लढाईत पडलेल्या वाघाला गवताचा कावळा लावून फशिवता व्हय? वरच्या हापिसातनं हुकूम आल्याबिगर कावळा हालत नसतो!” असे म्हणून मोरपिसांचा कुंचा बांधलेली आपली उंच काठी ते दोन्ही हातांनी आकाशाकडे धरीत आणि गर्जत, “ये काकराजा, ये! वैकुंठाची तार घिऊन ये!”

“हरिबा, तुज्या आईला आमी सांबाळू!” चुलतभाऊ ओरडला.

कावळे नुसते कोकलत राहिले.

“तुजी म्हस इकणार न्हाई रं!”

“तमाकू ठेवा जरा. लय आवडायची त्येला.”

“मिल्ट्रीतला गडी त्यो, तमाकू काय ठेवतोस? शिग्रेट ठिव!”

थोडे हसू फुटले. हरिबाची म्हातारी आई बनुबाई हसली नाही. पदराचा बोळा तोंडाशी धरून ती पिंडाकडे पाहत होती.

“जागा मागतुया त्यो,” बुवा डोळे मिटून म्हणाले. “बसाय जागा न्हाई, म्हून ह्या सयाजीच्या छातीवर बसलाय.”

सर्वांनी कोंडीबांकडे पाहिले. घाटाखालची गाळाची मळी, गावातली सर्वांत कसदार जमीन, त्यांची होती, आणि मठाला ती हवी होती हे सर्वांना ठाऊक होते. म्हाताऱ्याने दोन्ही हात जोडले.

“दिली! मळी दिली मठाला! पण माजं पोरगं सोड, बाबा!”

त्याच क्षणी माझ्या शेजारी बसलेला सयाजी नदीकडे तोंड करून हलकेच म्हणाला, “हरिबा, मी येतो.”

बुवांनी काठी खाली घेतली आणि तिचा कुंचा कफनीच्या घोळात गुंडाळला. कावळ्यांचा कल्लोळ विरला. थोड्या वेळाने एक कावळा पायरीवर उतरला, तिरका चालत आला आणि त्याने पिंडात चोच घातली.

घाटावर एकच जयघोष झाला. लोक बुवांच्या पायांवर पडले. विजयमाला आनंदाने रडत होती. आणि सयाजी हसला. परत आल्यापासून तो प्रथमच हसत होता.

घरी जाताना तो मागे रेंगाळला. “मास्तर, ऐकलंसा न्हवं? माज्या सबदावर आला त्यो.”

“सगळे म्हणतात, मळीचं वचन दिलं म्हणून आला.”

“हरिबाला मळी काय करायचीय?” तो समजुतीने म्हणाला. “तितं लढाईत पाणी आणायची पाळी माजी हुती. माजं पाय उचलंनात, म्हून त्यो गेला. त्येला मीच पायजे हुतो.” मग, बाजारात काय आणायचे ते सांगावे तितक्या सहज: “सोमवारी आबा मळीवर उदक सोडत्यात. त्येवढं झालं की मी मोकळा.”

मी विजयमालेला म्हणालो, “वहिनी, यांना एकटं सोडू नका.” तिने कारण विचारले नाही. ते तिला माझ्याआधी कळलेले असावे.

आत्मा नसतो, असे सयाजीला सांगून काय उपयोग होता? त्याने कावळा डोळ्यांनी पाहिला होता. तो आधी का आला नाही आणि मग का आला, हे दाखविल्यावाचून त्या माणसाला नदीपासून मागे खेचता येणार नव्हते.

उत्तर मला जोंधळ्याच्या शेतात मिळाले. शाळेच्या वाटेवर कुणी राखणीसाठी बांबूच्या टोकाला मेलेला कावळा टांगला होता. भोवती कावळे घिरट्या घालीत कोकलत होते. कणसावर एकही बसत नव्हता. तो आवाज मी ओळखला. घाटावर आम्ही ज्याला अतृप्त आत्म्याचा आकांत समजलो, ती मेलेल्या सोबत्याला पाहून भ्यालेल्या पाखरांची ओरड होती. आणि ती बुवांची काठी खाली येताच थांबली होती.

सोमवारी मळीच्या दानासाठी गाव पुन्हा घाटावर लोटले. कोंडीबांनी उदकाची पळी उचलली, तेव्हा मी उभा राहिलो. चारचौघांत मोठ्याने बोलण्याची मला सवय नाही, आवाज चिरकला.

“थांबा. आधी एक पिंड पुन्हा मांडा. आणि बुवा, तुमची काठी मला द्या.”

“मास्तर, तुमी पोरास्नी बाराखडी शिकवा,” बुवा हसले. “ह्यो देवाचा दंड हाय. हात लावला तर हात झडंल.”

“झडू द्या.”

“आवं, झडंल म्हंत्यात तर बगू की!” मागून कुणीतरी ओरडले. तमाशा बघायला गाव नेहमीच तयार असते.

मी काठी धरली, त्यांनी ओढली. त्या झटापटीत कुंचा उसवला आणि मोरपिसांच्या आतून, वरून पाखरांनाच दिसेल असा बांधलेला कावळ्याचा वाळका पंख, पायासकट, बाहेर लोंबू लागला.

“त्यो... त्यो गरुडाचा पंख हाय!”

“गरूड लय काळा पडला की वं, बुवा! उनात हिंडलाय काय?”

पिंड मांडून झाला आणि मी काठी उंच धरली. पिंपळात कल्लोळ उठला. पिंड तसाच राहिला. मग मी काठी घोंगड्याखाली झाकली. “आता कुणी काही बोलू नका,” मी म्हणालो. “एकही वचन नको.” घाट स्तब्ध झाला. कावळा आला, मागचापुढचा विचार न करता पिंड फोडून उडून गेला. कुणी काहीच दिले नव्हते.

मग गाव चवताळले. परवा पायांवर पडलेले सर्वांत आधी पायताण घेऊन धावले. बुवा पळाले. दिवस मावळायच्या आत पारावर हेही ऐकू आले, की कावळ्याचं खोटं असंल, पर बुवाच्या अंगाऱ्यात गुण हाय.

पिंडाजवळ सयाजी एकटाच उभा होता.

“म्हंजी हरिबानं बोलीवलं न्हाई?”

“नाही.”

“मग मला जावंसं का वाटतं, मास्तर?”

पंख दाखविता येतो. हे कसे दाखवायचे?

बनुबाई पुढे आली. तिने त्याचा दंड घट्ट धरला. “माज्या पोरानं बोलवायचंच ठरीवलं असतं, तर आदी मला बोलीवलं असतं. मी आई हाय त्येची. तुला कशापायी बोलवंल?” सयाजीचे तोंड वेडेवाकडे झाले आणि तो तिच्या खांद्यावर कोसळून रडला. किती वेळ, मला सांगता येणार नाही. तोवर लोक पांगले होते. रडणाऱ्या माणसात पाहण्यासारखे त्यांना काही उरले नव्हते.

कोरेगावहून रेल्वेने आम्ही त्याला मिरजेला नेले: बनुबाई, विजयमाला आणि मी. घाटावरच्या त्या गर्दीतले चौथे माणूस आले नाही. वेड्यांच्या डॉक्टरकडे नेल्याने घराला बट्टा लागतो, असे कोंडीबांच्या भावकीचे मत पडले. डॉक्टरांनी सयाजीला पुष्कळ वेळ बोलू दिले. मग म्हणाले, “हा आजार आहे. छातीचा, पोटाचा असतो तसा मनाचा. आमच्याजवळ औषधे थोडी आहेत. पण याला झोप हवी, अन्न हवे, बोलायला माणूस हवे. आणि एकटे ठेवू नका.”

सयाजी अजून बरा झालेला नाही. काही दिवस तो नांगरामागे चालतो; काही दिवस अंथरुणातून उठत नाही. नाथाजीबुवांनी शिरवळकडे नवा मठ थाटला आहे आणि तिथेही, म्हणतात, रीघ लागते.

ज्यांच्या घरी असा कुणी मुका होऊन बसला असेल, त्यांना माझी विनंती आहे. त्याच्यात कोण शिरले आहे, हे विचारीत दारोदार हिंडू नका. त्याला काय होते ते त्यालाच विचारा, आणि तो सांगेपर्यंत तिथून उठू नका. मग त्याला डॉक्टरकडे न्या. शेजारी काय म्हणतील, याची भीती वाटेल, वाटू द्या. शेजारी तुमच्याबरोबर येणार नाहीत. तुम्ही जा.