बाळाआधी घरात आलेला पाळणा

मी पाळणा बोलतोय. मला त्या घरात घेऊन येणाऱ्या मुलीपासूनच सुरुवात करतो.

हदासा मॉन्ट्रियलहून शिकून इस्रायलमधल्या त्स्फातला परत आली, तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्या या डोंगरावरच्या गावात भीतीला थारा नसेल. ज्या गल्ल्यांतून गूढविद्येचे आचार्य पांढरे कपडे घालून, गात गात शब्बाथला, शुक्रवारी सांजेला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाला, सामोरे गेले, तिथली माणसं विश्वासावरच जगत असतील. घरी येऊन बघते तर आईनं चौकटीच्या फटीत लसणीच्या पाकळ्या खोचलेल्या, थोरल्या बहिणीच्या, ब्राइनाच्या मनगटाला लाल दोरा, आणि दिवस भरत आलेलं पोट शालीखाली झाकलेलं. बाळ हा शब्द घरात कुणी काढत नव्हतं.

मीही त्या घरात नव्हतो. आमच्या ज्यू लोकांत बाळ जन्मल्याशिवाय पाळणा घरात आणत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. समोरच्या फ्रूमामावशीच्या माळ्यावर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी मी पडून होतो.

मला झेलिग सुतारानं तुतीच्या लाकडातून घडवलं. या दोघी बहिणी माझ्यातच वाढल्या. ब्राइना टक लावून छताकडे बघत राहायची. हदासानं दात येताना माझी कड कुरतडली. पुढं ब्राइनासाठी मला दोनदा घासूनपुसून ठेवलं, पण दोन्ही वेळा बाळ घरी आलंच नाही, आणि फ्रूमामावशीनं माझ्यावर चादर टाकली. अशा वेळी माणसं पाळण्याकडे बघायचंही टाळतात.

शुक्रवारी दुपारी हदासा माळ्यावर चढली.

"मावशी, पाळणा नेते."

"अगं बाई, बाळ कुठंय अजून?"

"येतंच आहे. आधी भांडं मांडावं, मग त्यात आशीर्वाद उतरतो. आपले आचार्यच सांगून गेलेत. चांगला विचार करा, चांगलंच होईल."

"आचार्यांचं काय जातंय? त्यांना कुठं बाळंत व्हायचं होतं!"

पण हदासानं मला उचललं. घरात आई शब्बाथच्या पावाची वेणी घालत होती. मला बघून तिचे पिठाचे हात तसेच राहिले.

"हे काय आणलंस, कार्टे? बहिणीच्या मुळावर उठलीस का?"

"भीतीच मुळावर उठते, आई. विश्वास ठेवायचा तर पुरता ठेवावा."

"राहू दे, आई," ब्राइना म्हणाली. "एवढी शिकून आलीय."

ते कौतुक होतं की टोमणा, मला कळलं नाही.

हदासानं माझ्यात पांढरी चादर घातली. "ताई, आता वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. मनातही आणायचा नाही. वरचं जग आपल्या चेहऱ्याकडे बघत असतं. आपण हसलो की तेही हसतं." बोलता बोलता तिचे डोळे भरले. त्या दोन्ही बाळांसाठी ती परदेशात एकटीच रडली होती. मला तिची माया कळत होती. माझाही तिच्यावर विश्वास बसला.

मेणबत्त्या लागल्या. जेवणावर गाणी सुरू झाली. ब्राइनाचा नवरा झल्मन ताल धरून टेबल वाजवत होता. "कशी आहेस गं?" कुणी विचारलं की ब्राइना म्हणायची, "छान, देवाची कृपा." मी खाली जमिनीवर होतो, म्हणून मला तिचा दुसरा हात दिसत होता. टेबलक्लॉथखाली ती पोट एका बाजूनं दाबायची आणि थांबायची. मग दुसऱ्या बाजूनं. बंद दारावर थाप मारून माणूस कान देतो ना, तशी. गोड रस प्यायली, डाव्या कुशीवर रेलली, पुन्हा थांबली.

बाळं कशी हलतात ते पाळण्याला शिकवायला नको. आतून उत्तर येत नव्हतं.

तिनं आईकडे पाहिलं. मग हदासाच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गायला लागली.

सकाळी झल्मन कबरस्तानाखालच्या थंड झऱ्यात शब्बाथच्या शुद्धीची डुबकी घ्यायला गेला होता. हदासा चहा घेऊन आली. ब्राइना माझी कड धरून बसली होती.

"झोप झाली, ताई? ऊन बघ कसं पडलंय."

"हं."

"हसून सांग की."

ब्राइना हसली. ते हसू बघून हदासानं चहा खाली ठेवला.

"ताई, काय झालं?"

"काही नाही. चांगलंच आहे."

"ताई!"

"तूच म्हणालीस, बोलायचं नाही." ब्राइनानं माझी कड आणखी घट्ट धरली. "काल दुपारपासून हलत नाहीये गं. बोलले तर खरं होईल म्हणून गप्प बसले. मागच्या दोन्ही वेळी मी चांगलाच विचार केला होता, हदासा. कमी पडला का माझा विचार? मी मारलं का त्यांना?"

हदासा तिच्या पायाशी बसली. एवढी वचनं पाठ असलेली ती मुलगी, तिला एकही आठवेना. "नाही गं, नाही," एवढंच ती पुटपुटत राहिली. मग उठून तिनं खणातला फोन काढला, शब्बाथला ज्याला हातही लावायचा नसतो तो.

दारात आई उभी होती. "थांब. आधी सरबत देऊन बघू. दवाखान्यातले लोक काहीतरी अभद्र बोलतील."

"जीवासाठी शब्बाथ मोडता येतो, आई. मग गप्प बसण्याची ही रीत का नाही मोडायची?"

तिनं नंबर लावला. शब्द स्पष्ट होते. "माझ्या बहिणीचं बाळ कालपासून हलत नाहीये. आम्हाला फार भीती वाटतेय. गाडी पाठवा."

गाडी आली आणि त्या गेल्या. चहा निवला आहे, दार लोटायचं राहून गेलं आहे. शेजारपाजारचे डोकावतील, म्हणून आधीच हात जोडून सांगतो. मला बघून हळहळू नका, आणि सगळं छान होईल असंही म्हणू नका. चादरही टाकू नका. त्या परत येईपर्यंत मला इथंच असू द्या.