शिंपल्यांखालचा सांधा

वादळ सहा तासांवर आलं होतं आणि समुद्रातल्या तेलमंचावर बेचाळीस माणसं होती. इकडे किनाऱ्यावर, स्टाव्हांगर शहरातल्या कंपनीच्या कार्यालयात, अभियंता रान्वाइगने आपलाच हिशेब पुन्हा तपासायला घेतला. मंचाचा पाय मोडण्याची शक्यता वर्षाला दहा हजारांत एक, असं तिनेच काढलं होतं, कारण तपासणीत तडा सापडला नव्हता. आता तिने पाणबुड्याचा मूळ अहवाल ओळीओळीने वाचला. पायाच्या सांध्यावर चिकटलेले शिंपले खरवडलेच नव्हते. सांधा कोणी पाहिलाच नव्हता, तर तडा सापडणार कुठून?

तिने आकडा सुधारला. या एका वादळात पन्नासात एक.

"आइविन, सांधा शिंपल्यांखाली होता, तपासलाच नाही. पाय मोडण्याची शक्यता पन्नासात एक आहे. माणसं उतरव," ती साहेबाला म्हणाली.

"म्हणजे एकोणपन्नास वेळा काहीच होणार नाही! मंच बंद करून वर काय सांगू? शिंपले होते म्हणून?"

"रान्वाइग चुकली म्हणून सांग. माझी नोकरी घे, पण आत्ता फोन कर रे!"

त्याने मंचावर फोन लावला. वारा वाढला होता. हेलिकॉप्टरच्या दोनच फेऱ्या होणार होत्या, एका फेरीत एकोणीस जण.

"चौघं उरतात," आइविन पुटपुटला.

रान्वाइगने त्याच्या हातून फोन घेतला. "उरणाऱ्या चौघांना बोलवा," ती म्हणाली. "मीच सांगते त्यांना."