गाठीपुढे न जाणारा डोंगा

मित्रांनो, तलावाच्या पाळीवर पालथा पडलेला, पोटाला लांब भेग गेलेला जुना डोंगा मीच. वैशाख आला की मला चैन पडत नाही. का, ते सांगतो.

केळापूर तालुक्यातल्या एका बाजारगावात उकंडा भोयाने १९५६ साली मला मोहाच्या खोडातून कोरले. पुढे त्याची बायको पंचफुला माझ्यात बसून शिंगाडे तोडू लागली. हा डोंगा वळतो छान, असे सगळे म्हणत, आणि मी जरा फुगत असे.

शिंगाड्याच्या वेलांवर कमळपक्ष्याचे घरटे असते. मादी अंडी घालून निघून जाते. नर त्यांवर बसतो. घरटे दिसले की भोई जवळच्या पाणकणसाच्या पात्याला गाठ मारत. गाठीपुढे कोणाचाच डोंगा जात नसे.

१९६२ च्या वैशाखात तलाव आटला, तेव्हा कोणीतरी भेगाळलेल्या गाळात लाल टोकांच्या खुंट्या ठोकून गेले. आमच्याकडे पंच दरवर्षी खुंट्या ठोकूनच वेलांच्या जागा वाटून देत. त्यामुळे पावसाळ्यात पंचफुलेने त्या खुंट्यांनाच आपले वेल बांधले.

श्रावणात ओव्हरसियर बबनराव आपल्या खुंट्या शोधत आले. गावाच्या गटाराचे तोंड तिथे उघडणार, हे तेव्हा आम्हाला कळले.

"तुमच्या हायत का त्या? आमी म्हटलं, पंचायले यंदा रंगाची हौस आली," पंचफुला हसली. मग तिचे हसू थांबले. गटाराच्या पाण्यातले शिंगाडे बाजारात कोण घेणार? आणि वेल सडले तर पक्षी कशावर बसणार?

तिने त्यांना माझ्यात बसवून नेले. लाल टोक हाताशी येणार, तोच तिने बांबू रोवून मला थांबवले.

"बाई, खुंटी माझी आहे. जवळ घ्या."

"खुंटी तुमची असन, साहेब. गाठ आमची हाय."

पलीकडे पानांवर नर बसला होता. आम्ही इतके जवळ असूनही तो उठला नाही. बबनराव बराच वेळ पाहत राहिले. पाणी उतरल्यावर काम सुरू होईल, एवढेच ते जाताना म्हणाले.

पुढच्या वैशाखात तलाव पुन्हा आटला. ना वेल, ना पक्षी, ना गाठ. उन्हाळ्यात आम्हा डोंग्यांना उरलेल्या डबक्यात बुडवून ठेवतात, म्हणजे लाकूड तडकत नाही. पंचफुलेने मात्र मला बाहेर ओढून गटाराच्या आखणीवर आडवे टाकले आणि माझ्या टोकाला वाळक्या पात्याची गाठ बांधली. बाकीच्यांनीही आपले डोंगे शेजारी आणून टाकले.

कोरड्यात डोंगा कायले चालवून राह्यली, म्हणून मजूर हसले. बबनराव हसले नाहीत. ते गाठीजवळ उकिडवे बसले, मग उठून मजुरांना म्हणाले, "याच्या पुढं काम जाणार नाही."

गटाराचे तोंड पाळीखालच्या पडीक जमिनीकडे वळवायचे ठरले. वरून मंजुरी येईपर्यंत आम्ही उन्हातच होतो. तेवढ्या काळात माझे पोट तडकले. त्यानंतर मी पाण्यात उतरलो नाही.

शिंगाडे अजून निघतात, पक्षीही येतात. पण वैशाखात गाळावर अनोळखी पावले वाजली की माझी भेग ठणकते. मित्रांनो, आटलेला तलाव म्हणजे रिकामी जागा नव्हे. भेगांखालच्या ओलीत शिंगाड्याचे बी निजलेले असते. तिथे नवी खुंटी दिसली, तर ती कोणाची, हे लगेच विचारा. पाणी येण्याची वाट पाहू नका. मी आता फार तर आडवा पडू शकतो. गाठ मारायला हात लागतात, आणि ते तुम्हाला आहेत.